स्कॅन केलेला जुना नकाशा क्यूजीआयएसमध्ये आणला, तर तो समुद्रात जाऊन पडला

नदीकाठ (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. भूगोलाच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी एका नदीच्या वळणांवर काम करतो आहे. माझ्याकडे त्या भागाचा साठेक वर्षांपूर्वीचा १:५०,००० चा कागदी नकाशा आहे, आणि हल्लीची सेंटिनेल-२ ची उपग्रह प्रतिमा. दोन्ही एकावर एक ठेवून काठ किती सरकला ते मोजायचं आहे.

नकाशा मोठ्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला स्कॅन करून घेतला आणि जेपीजी फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाकली. लेअरच्या यादीत नाव आलं, पण पडद्यावर काहीच नाही. 'झूम टू लेअर' केल्यावर नकाशा दिसला. मागे जगाचा नकाशा लावला तेव्हा कळलं की माझा नकाशा आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात आहे. मग 'सेट लेअर सीआरएस' (निर्देशांक कुठल्या पद्धतीतले आहेत ते सांगणारा पर्याय) मध्ये जाऊन ४३२६ (अंशांतली पद्धत), ३८५७ (मीटरमधली), यूटीएमचे (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) दोन-तीन झोन असं सगळं लावून पाहिलं. दर वेळी नकाशा कुठेतरी भलतीकडेच जातो. ४३२६ लावल्यावर तर तो जगापेक्षा मोठा झाला. योग्य सीआरएस कोणता हे कसं शोधायचं? दोन दिवस यातच गेले आहेत.

रेखांश (सोमवार, रात्री १०.१५)

सीआरएस शोधणं आत्ता थांबवा. तुमच्या जेपीजीला कुठलाही सीआरएस लावलात तरी ती जागेवर येणार नाही, कारण त्या फाइलमध्ये फक्त रंगांच्या ओळी आणि रकाने आहेत. कुठला पिक्सेल पृथ्वीवर कुठे येतो हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

अशा वेळी क्यूजीआयएस एक पिक्सेल म्हणजे एक एकक असं धरतं आणि वरचा डावा कोपरा ०, ० वर ठेवतं. चित्र तिथून उजवीकडे आणि खाली पसरतं. प्रोजेक्टचं एकक मीटर असेल तर ७,००० पिक्सेल रुंदीचा स्कॅन ७ किलोमीटर रुंद होऊन शून्य अक्षांश, शून्य रेखांशापाशी बसतो. ती जागा म्हणजेच गिनीचं आखात. एकक अंश असेल तर तोच स्कॅन ७,००० अंश रुंद होतो, आणि अख्खी पृथ्वी ३६० अंशांची आहे. यूटीएम लावल्यावर तो आणखी तिसरीकडे गेला असेल, कारण तिथे ०, ० ही जागा विषुववृत्तावर, त्या झोनच्या मध्य रेखावृत्ताच्या ५०० किलोमीटर पश्चिमेला येते. म्हणजे तुम्हाला जे जे दिसलं ते सगळं बरोबरच होतं.

'सेट लेअर सीआरएस' नेमकं काय करतं तेही सांगतो, कारण अर्ध्याहून जास्त घोळ इथेच होतात. कागदावर नुसतं '५' लिहिलं आहे. त्यापुढे तुम्ही फूट लिहा नाहीतर मीटर, आकडा ५ च राहतो. सीआरएस लावणं म्हणजे हे एकक लिहिणं. ५ फुटांचे १.५२४ मीटर करणं हे वेगळं काम, आणि त्यासाठी क्यूजीआयएसच्या रास्टर मेनूत 'वॉर्प' आहे. आर्कजीआयएसमध्ये हीच जोडी 'डिफाइन प्रोजेक्शन' आणि 'प्रोजेक्ट रास्टर' या नावांनी भेटते. पहिलं साधन फक्त चिठ्ठी लावतं, दुसरं आकडे बदलतं. फाइलवरची चिठ्ठी मुळात बरोबर असताना ती 'सुधारायला' गेलात तर चांगली फाइल बिघडते.

तुमच्या नकाशाला आधी जिओरेफरन्सिंग करावं लागेल, म्हणजे नकाशावरच्या काही बिंदूंना त्यांचे पृथ्वीवरचे निर्देशांक द्यावे लागतील. ते साधन क्यूजीआयएसच्या ३.२६ पासून 'लेअर' मेनूत आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांत 'रास्टर' मेनूत होतं.

मोजपट्टी (सोमवार, रात्री १०.५०)

रेखांश यांना पूर्ण अनुमोदन. माझी एक सवय सांगते. कुठलंही रास्टर (पिक्सेलचं चित्र) आणण्याआधी त्या फाइलला तिच्याबद्दल काय माहिती आहे ते तिलाच विचारायचं. जीडाल या रास्टर हाताळणाऱ्या साधनसंचाची 'जीडालइन्फो' ही आज्ञा चालवा, किंवा क्यूजीआयएसमध्ये लेअरच्या गुणधर्मांतलं 'इन्फर्मेशन' पान उघडा. किती बँड (रंगांचे थर), किती बिटचा डेटा, पिक्सेलचा आकार, चारी कोपऱ्यांचे निर्देशांक, सीआरएस, नोडेटा (इथे माहिती नाही असं सांगणारा आकडा). दोन मिनिटं लागतात. कोपऱ्यांच्या जागी ०, ० आणि पिक्सेलची संख्या दिसली की फाइल कोरी आहे हे लगेच कळतं.

जिओटिफमध्ये ही माहिती फाइलच्या आतच टॅगमध्ये असते. जेपीजी आणि पीएनजीच्या शेजारी बहुतेक वेळा एक छोटी मजकूर फाइल असते, तिला वर्ल्ड फाइल म्हणतात: जेपीजीसाठी जेजीडब्ल्यू, टिफसाठी टीएफडब्ल्यू, पीएनजीसाठी पीजीडब्ल्यू. तिच्यात फक्त सहा ओळी असतात. पहिली आडव्या दिशेचा पिक्सेल आकार, दुसरी आणि तिसरी फिरवण्याच्या, चौथी उभ्या दिशेचा पिक्सेल आकार (जवळजवळ नेहमी उणे, कारण ओळी वरून खाली मोजतात आणि उत्तरेकडचं अंतर खालून वर), पाचवी आणि सहावी वरच्या डाव्या पिक्सेलचे निर्देशांक. सीआरएस मात्र तिच्यात कुठेच नसतो, तो वेगळा सांगावा लागतो.

त्या शेवटच्या दोन ओळी पिक्सेलच्या मध्यबिंदूच्या असतात, कोपऱ्याच्या नव्हे. जीडाल आतून कोपरा धरतं. हाताने आकडे भरणारे लोक इथे अर्धा पिक्सेल चुकतात, आणि ३० मीटरच्या पिक्सेलवर ती १५ मीटरची चूक होते.

आणखी एक, हे माझ्या स्वतःच्या कामात घडलं आहे. व्यवस्थित बसवलेला जिओटिफ कुणीतरी फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून थोडा उजळ केला आणि परत सेव्ह केला. आतले सगळे टॅग गेले. वर्ल्ड फाइल असती तर निदान तिने वाचवलं असतं. पण तिथेही चित्र जर कडेने कापलं असतं, तर वर्ल्ड फाइलमधला कोपरा खोटा ठरला असता आणि चूक कळलीही नसती. उजळपणा क्यूजीआयएसच्या सिम्बॉलॉजीत बदलता येतो. मूळ फाइलला हात लावू नका.

सर्वेक्षक (मंगळवार, सकाळी ६.३०)

मी आयुष्यभर कागदी नकाशांत काम केलं, संगणकावर नंतर आलो. नदीकाठ, जिओरेफरन्सिंग सुरू करण्याआधी तुम्हाला काय उत्तर यायला हवं ते कागदावर काढून ठेवा.

३०० डीपीआय म्हणजे २५.४ मिलिमीटरमध्ये ३०० पिक्सेल, एक पिक्सेल ०.०८४७ मिलिमीटरचा. त्याला ५०,००० ने गुणा, जमिनीवर ४.२३ मीटर येतात. काम संपल्यावर फाइलचा पिक्सेल आकार ४.२ च्या आसपास नसेल, ३.१ किंवा ६ दिसत असेल, तर कुठेतरी बिंदू चुकला आहे. हे गणित मी प्रत्येक शीटला करतो.

कंट्रोल पॉइंट (ज्यांचे निर्देशांक आपल्याला माहीत आहेत असे बिंदू) घ्यायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे नकाशावर छापलेले अक्षांश-रेखांशांचे किंवा ग्रिडचे छेद. त्यांचे आकडे समासातच लिहिलेले असतात, म्हणून समास आधी कापून टाकू नका, सगळं झाल्यावर कापा. क्यूजीआयएसच्या खिडकीत अंश, मिनिटं, सेकंद मध्ये जागा सोडून तसेच्या तसे टाकता येतात. रस्त्यांचे फाटे आणि पूल हे नंतर तपासायला राखून ठेवा. नदीवरचा एकही बिंदू घेऊ नका. नदी सरकली का हेच आपल्याला शोधायचं आहे, तिलाच खुंटी कशी करायची?

बिंदू चारी कोपऱ्यांत आणि मध्यभागी पसरून घ्या. सगळे एका बाजूला घेतले तर दुसरी बाजू तरंगत राहते. कागद दमट हवेत ताणतो आणि तो लांबी-रुंदीत सारखा ताणत नाही. पहिल्या घाताचं पॉलिनॉमियल हा फरक सामावून घेतं, कारण त्यात दोन्ही दिशांची मापं स्वतंत्र असतात. हेल्मर्ट हा पर्याय तो सामावून घेत नाही, त्यात दोन्ही दिशांना एकच माप असतं. पहिल्या घाताला किमान ३ बिंदू लागतात, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला १०. पण किमान म्हणजे पुरेसे नव्हेत. मी पहिल्या घातालाही ९ ते १२ घेतो.

आणि मेहनतीने टिपलेले बिंदू 'पॉइंट्स' फाइलमध्ये सेव्ह करा. पुन्हा लागतातच.

नदीकाठ (मंगळवार, संध्याकाळी ७.०५)

सगळ्यांचे मनापासून आभार. सर्वेक्षक काका, मला अहो-जाहो नको, मी विद्यार्थी आहे.

आज बसून केलं. अक्षांश-रेखांशांचे १६ छेद घेतले. आधी पॉलिनॉमियल १ लावलं, तर सरासरी त्रुटी १.८ पिक्सेल आली. मग 'थिन प्लेट स्प्लाइन' निवडून पाहिलं आणि त्रुटी एकदम शून्य झाली! तेच ठेवलं. पिक्सेल आकार ४.२ आला, म्हणजे काकांचं गणित बरोबर जुळलं. टार्गेट सीआरएस ४३२६ ठेवून आधी अंशांत केलं होतं, मग यूटीएममध्ये वॉर्प केलं.

उपग्रह प्रतिमेवर ठेवलं तर नदीचा काठ सगळीकडे साधारण ३०० मीटर सरकलेला दिसतो. एवढा मोठा बदल असेल असं वाटलं नव्हतं. अहवाल लिहायला घेऊ का?

पिक्सेलवेडी (मंगळवार, रात्री ८.२०)

कृपया अजून लिहू नका.

पहिली गोष्ट त्या शून्याची. थिन प्लेट स्प्लाइन हे रबराच्या पत्र्यासारखं असतं. प्रत्येक बिंदूवर पत्रा नेमका खिळून टाकतं, त्यामुळे त्या बिंदूंवर त्रुटी शून्य येणारच. तुम्ही एक बिंदू चुकून किलोमीटरभर दुसरीकडे टाकला असता तरी शून्यच आली असती, फक्त त्याच्या आजूबाजूचा नकाशा मुरगळला असता. पॉलिनॉमियल १ ला नेमके तीनच बिंदू दिले तरी असंच शून्य येतं. तो शून्य अचूकतेचा नसतो, तपासायला काहीच उरलं नाही याचा असतो.

उलट तुमची १.८ पिक्सेल ही त्रुटी छान आहे. ४.२३ ने गुणली तर साडेसात मीटर. १:५०,००० वर ०.२ मिलिमीटर जाडीची छापील रेघच जमिनीवर १० मीटर होते. रेघेच्या जाडीच्या आत बसलात, अजून काय हवं? स्प्लाइन घड्या पडलेल्या, फाटून चिकटवलेल्या किंवा हाताने काढलेल्या नकाशांना वापरावं, तेही भरपूर बिंदू असतील तर. तुमच्यासाठी पॉलिनॉमियल १ कडे परत जा.

दुसरं म्हणजे, राखून ठेवलेले पूल आणि फाटे आता वापरा. बसवलेला नकाशा उपग्रह प्रतिमेवर ठेवा, मोजपट्टीचं साधन घ्या आणि ज्या गोष्टी साठ वर्षांत हलल्या नसतील त्यांचं अंतर मोजा. किती आणि कुठल्या दिशेला, दोन्ही लिहा.

नदीकाठ (मंगळवार, रात्री ११.३०)

पॉलिनॉमियल १ ने पुन्हा केलं आणि सात जागा मोजल्या: दोन पूल, चार रस्त्यांचे फाटे, एक रेल्वे फाटक. सगळ्या २८० ते ३१० मीटर सरकलेल्या आहेत. आणि सगळ्या जवळजवळ एकाच दिशेला.

म्हणजे नदी सरकलीच नाही?

सर्वेक्षक (बुधवार, सकाळी ६.१०)

नदीचं नंतर बघू. पूल आणि रेल्वे फाटक नदीबरोबर चालत नाहीत. सगळं एकाच दिशेला, जवळपास एकाच अंतराने सरकलं असेल तर पहिला संशय डेटमचा, म्हणजे निर्देशांक ज्या पायावरून मोजले त्याचा, घ्यायचा.

नकाशाच्या समासात छापलेले अक्षांश-रेखांश हे त्या काळच्या, त्या नकाशाच्या डेटमचे आहेत. तू ते आकडे ४३२६ म्हणून भरलेस, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ म्हणून. पृथ्वीचा आकार कोणता धरला आणि तो कुठे टेकवला यावर त्याच जागेचे अक्षांश-रेखांश बदलतात. दोन डेटममधला फरक शेकडो मीटर असू शकतो. जपानच्या जुन्या टोकियो डेटमचे आकडे डब्ल्यूजीएस ८४ म्हणून वाचले तर टोकियोच्या परिसरात ४०० मीटरहून जास्त फरक पडतो.

समासातली बारीक अक्षरं भिंगाने वाच. प्रोजेक्शन, लंबगोल, डेटम तिथे सापडेल. त्याचा ईपीएसजी क्रमांक (४३२६ सारखा सीआरएसचा क्रमांक) क्यूजीआयएसच्या सीआरएसच्या यादीत शोध आणि जिओरेफरन्सरमध्ये टार्गेट म्हणून तोच दे. अगदी जुने नकाशे असतील तर शून्य रेखावृत्तही तपासावं लागतं. जुने फ्रेंच नकाशे पॅरिसपासून मोजायचे, आणि पॅरिस ग्रीनिचच्या २ अंश २० मिनिटं १४ सेकंद पूर्वेला आहे.

रेखांश (बुधवार, सकाळी ९.००)

काकांच्या प्रतिसादाला जोडून. नकाशाच्या डेटमवरून डब्ल्यूजीएस ८४ वर जाताना क्यूजीआयएस एक खिडकी उघडून 'कुठलं ट्रान्सफॉर्मेशन वापरू' असं विचारू शकतं. तिथे घाईने ओके दाबू नका. प्रत्येक पर्यायापुढे तो कुठल्या भागासाठी आहे आणि किती मीटर अचूक आहे ते लिहिलेलं असतं. आपला भाग ज्यात येतो त्यातला सगळ्यात अचूक घ्यायचा. काही पर्यायांना ग्रिड फाइल लागते, ती आधी उतरवून घ्यावी लागते. 'बॉलपार्क' असा शब्द दिसला तर समजा की डेटमचा फरक धरलेलाच नाही, आणि तुम्ही पुन्हा त्याच ३०० मीटरवर येऊन थांबाल.

समोच्च (बुधवार, सकाळी १०.४०)

धाग्याच्या मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे जिओरेफरन्स केलेल्या चार शीट आहेत. शेजारी शेजारी ठेवल्या की प्रत्येकीची काळी कड दुसरीवर येते. नोडेटा ० दिला, तरी काळ्या ठिपक्यांची झालर राहतेच. शिवाय उंचीचं मॉडेल यूटीएममध्ये वॉर्प केलं, तर हिलशेडमध्ये (उतारांवर सावल्या टाकून दाखवलेल्या चित्रात) आडव्या-उभ्या पट्ट्या दिसतात. दोन्हींवर उपाय काय?

मोजपट्टी (बुधवार, दुपारी १२.१५)

माफी कशाला, प्रश्न याच विषयातले आहेत.

शीट जेपीजी म्हणून सेव्ह झाल्या असतील. जेपीजी दाबताना शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात, त्यामुळे कडेचा निखळ ० तसा राहत नाही, १, २, ५ असं काहीबाही होतं. नोडेटा मात्र नेमक्या शून्यालाच पारदर्शक करतो. जीडालमध्ये 'निअरब्लॅक' नावाचं साधन यासाठीच आहे. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक शीटच्या आतल्या चौकटीचा पॉलिगॉन काढायचा आणि 'क्लिप बाय मास्क लेअर' ने समासासकट कापायचं. मग चारही शीटचं व्हर्च्युअल रास्टर बांधा. व्हीआरटी ही फक्त कुठला तुकडा कुठे आहे याची नोंद असलेली छोटी मजकूर फाइल असते, चित्रं पुन्हा कॉपी होत नाहीत.

पट्ट्यांचं कारण रिसॅम्पलिंग, म्हणजे नव्या पिक्सेलला आकडा देण्याची रीत. वॉर्पमध्ये 'निअरेस्ट नेबर' तसंच राहिलं असणार. त्यात नव्या पिक्सेलला जवळच्या जुन्या पिक्सेलची उंची जशीच्या तशी मिळते, मग अधूनमधून एखादी ओळ दोनदा येते नाहीतर गळते. डोळ्यांना उंचीत ते दिसत नाही, पण हिलशेड उतार मोजतं, त्यात लगेच उमटतं. उंची, तापमान, पाऊस अशा सलग बदलणाऱ्या गोष्टींना बायलिनिअर किंवा क्युबिक घ्या. जमीनवापराच्या वर्गांना मात्र निअरेस्टच हवं. तिथे १ म्हणजे शेत आणि ३ म्हणजे पाणी असेल, तर सरासरीने २ येईल आणि ते कदाचित जंगल असेल.

समोच्च (बुधवार, दुपारी ४.३०)

क्युबिकने पट्ट्या गेल्या. धन्यवाद. शीट रात्री कापतो.

नदीकाठ (गुरुवार, रात्री ९.१०)

समासातली बारीक अक्षरं वाचून डेटम सापडला, ईपीएसजी क्रमांकही मिळाला. तो टार्गेट देऊन पुन्हा केलं. तेच १६ बिंदू, सेव्ह केलेली फाइल कामी आली. आता सातपैकी सहा जागा ६ ते १४ मीटरच्या आत बसतात. सातवी, एक फाटा, अजून ९० मीटर दूर आहे.

एक अडचण उपग्रह प्रतिमेची. मी आतापर्यंत एका संकेतस्थळावरून उतरवलेलं तयार रंगीत चित्र वापरत होतो. पूर्ण डेटा उतरवला, तर फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात ढीगभर जेपी२ फाइल. एक उघडली तर करडी, आणि साध्या चित्रदर्शकात जवळजवळ काळी.

पिक्सेलवेडी (गुरुवार, रात्री १०.००)

सहा जागा बसल्या हे वाचून खूप बरं वाटलं. सातवीचं मी शेवटी सांगते.

सेंटिनेलचा प्रत्येक बँड वेगळ्या फाइलमध्ये असतो. आतल्या 'आर१०एम' फोल्डरमध्ये १० मीटरचे चार आहेत: बी०२ निळा, बी०३ हिरवा, बी०४ लाल, बी०८ जवळचा अवरक्त. 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर' मध्ये हे चार द्या आणि 'प्रत्येक फाइल वेगळ्या बँडमध्ये' हा पर्याय चालू ठेवा. यादीतला क्रम नीट पाहा, तोच बँडचा क्रम होतो. जिओरेफरन्सिंगची गरज नाही, यूटीएमचे निर्देशांक फाइलमध्येच आहेत.

काळं दिसतं कारण डेटा १६ बिटचा आहे. त्यात ६५,५३५ पर्यंत आकडे मावतात, पण परावर्तन १०,००० ने गुणून साठवलेलं असतं आणि जमिनीचे बहुतेक आकडे काही हजारांतच राहतात. चित्रदर्शक पूर्ण पल्ला धरतो, म्हणून अंधार. क्यूजीआयएसमध्ये सिम्बॉलॉजीत 'क्युम्युलेटिव्ह काउंट कट' २ ते ९८ टक्के ठेवा. हे फक्त दाखवणं आहे, फाइलमधले आकडे बदलत नाहीत. आकड्यांवरून झाडी किंवा पाणी दाखवणारा इंडेक्स काढणार असाल तर मात्र लक्षात ठेवा की २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत प्रत्येक आकड्यात १,००० मिळवलेले असतात. ते वजा न करता जुनी आणि नवी प्रतिमा शेजारी ठेवली तर सगळं जग उजळल्यासारखं दिसेल.

काठ शोधायला लाल, हिरव्या, निळ्याच्या जागी बी०८, बी०४, बी०३ लावा. पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे नदी काळी आणि झाडी लाल दिसते. कडा डोळ्यांत भरते.

आणि तो फाटा. ९० मीटर एकट्याच बिंदूला असतील, तर बसवण्यात चूक नसून रस्ताच बदलला असण्याची शक्यता जास्त. जवळच्या प्रतिमेत जुन्या रस्त्याची खूण दिसते का पाहा.

अक्षवृत्त (शुक्रवार, सकाळी ११.२०)

यूटीएमवरून आठवलं. काम दोन झोनच्या सीमेवर असेल, तर सेंटिनेलचे शेजारचे तुकडे वेगवेगळ्या झोनमध्ये येऊ शकतात. झोन ६ अंश रुंदीचे, एकूण ६०. व्हर्च्युअल रास्टर बांधताना जीडाल वेगळ्या प्रोजेक्शनची फाइल इशारा देऊन वगळतं. तो इशारा वाचला नाही तर अर्धा भाग का गायब झाला ते कळत नाही. आधी एक तुकडा दुसऱ्याच्या झोनमध्ये वॉर्प करा, मग जोडा.

मॅपइन्फो वापरणाऱ्यांसाठीही सांगतो, कारण अजून बरेच लोक वापरतात. तिथे रास्टर नोंदवलं की शेजारी टॅब फाइल तयार होते. ती नोटपॅडमध्ये उघडून बिंदू वाचता येतात. जुन्या आवृत्त्यांत रास्टर स्वतः दुसऱ्या प्रोजेक्शनमध्ये वळत नसे, उलट नकाशाची खिडकीच रास्टरचं प्रोजेक्शन घ्यायची. तिथे काही विचित्र दिसलं तर हे आठवा.

कातळ (शुक्रवार, दुपारी ३.००)

मोठ्या फाइल फार हळू चालतात. ३ जीबीचा टिफ हलवला की संगणक अडकतो. अनकम्प्रेस्ड आहे. उपाय?

रेखांश (शुक्रवार, दुपारी ३.४५)

ओव्हरव्ह्यू बांधा, काहींच्या तोंडी पिरॅमिड हा शब्द आहे. लेअरच्या गुणधर्मांत पान आहे, किंवा जीडालचं 'जीडालअ‍ॅडओ'. दर पायरीला अर्धी होत जाणारी चित्रं साठवली जातात, त्यामुळे दूरून बघताना सगळे पिक्सेल वाचावे लागत नाहीत. जागा मूळ फाइलच्या साधारण एक तृतीयांशच जास्त लागते. शिवाय फाइल टाइल्ड करा (चौकोनी तुकड्यांत साठवा) आणि डिफ्लेट किंवा एलझेडडब्ल्यूने दाबा, डेटा तसाच राहतो. जीडाल ३.१ पासून 'सीओजी' प्रकारात सेव्ह केलं तर टाइल आणि ओव्हरव्ह्यू आपोआप येतात. साधा टिफ ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. त्याच्या जवळ पोचलात तर 'बिगटिफ' चालू करा.

नदीकाठ (रविवार, संध्याकाळी ६.५०)

सातव्या जागेचा उलगडा झाला. अवरक्त प्रतिमेत शेतांतून जाणारी एक फिकट रेघ दिसली. तो जुना रस्ता, आणि जुना फाटा नकाशाप्रमाणे जिथे पडायला हवा तिथेच आहे, ११ मीटरच्या फरकाने. नवा रस्ता नंतर बाजूने काढलेला असावा.

आता नदी. सरळ भागांत दोन्ही काठ १५ मीटरच्या आत जुळतात, म्हणजे तिथे मी काहीच बदल म्हणू शकत नाही. तिसऱ्या वळणावर मात्र बाहेरचा काठ १३० मीटर बाहेर गेलेला दिसतो आणि आतल्या बाजूला वाळूचा पट्टा आला आहे. हा बदल खरा मानायचा का?

सर्वेक्षक (रविवार, रात्री ८.००)

तुझी तपासणीची चूक १५ मीटरच्या आत आहे आणि फरक १३० चा. शिवाय बाहेरचा काठ खचणं आणि आत वाळू साठणं, वळण असंच सरकतं. मी मानेन. फक्त दोन गोष्टी बघ. जुन्या नकाशाचं सर्वेक्षण कुठल्या वर्षी झालं ते समासात असेल. ते छपाईच्या वर्षापेक्षा बरंच आधीचं असू शकतं, आणि तुझी साठ वर्षं तिथून मोजायची. दुसरं, पाण्याची कड आणि काठ एक नव्हेत. पाणी भरलेलं असताना आणि आटलेलं असताना वाळूच्या बाजूला कड कितीतरी सरकते. उंच, खचणारा काठ मोज, पाणी नको.

नदीकाठ (सोमवार, सकाळी ७.३५)

सर्वेक्षणाचं वर्ष छपाईच्या आठ वर्षं आधीचं निघालं. कोरड्या आणि भरल्या अशा दोन्ही हंगामांतल्या प्रतिमा उतरवायला लावल्या आहेत. बाहेरच्या काठाची रेघ दोन्हींवर वेगवेगळी काढतो आणि दोन्ही आकडे अहवालात देतो, सातही तपासणी बिंदूंच्या तक्त्यासकट.